व्हल्कनचा पाय

इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, वर्गात रबराचा धडा चालू होता. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत तडकतं, पण त्यात गंधक मिसळून ते तापवलं की मग ताण, ऊन, पाणी, कशालाच दाद देत नाही, हे विद्युल्लता दर वर्षी सांगत आली होती, आणि दर वर्षी शेवटी फळ्यावर एक शब्द लिहून त्याच्याखाली रेघ ओढत आली होती : वल्कनीकरण. या वर्षी दुसऱ्या बाकावरची रुची उभी राहिली. "बहनजी, ये 'वल्कन' क्या हुआ? वल्कल से बना है? पेड़ की छाल?" प्रश्न इतका सरळ होता की विद्युल्लता लगेच म्हणाली, "हाँ, वही होगा." रबराचा चीक झाडाच्या सालीतूनच ठिबकतो, तपोवनातले ऋषी वल्कलं नेसतात, सगळं जुळत होतं. मुलींनी वहीत लिहून घेतलं. पण तो 'होगा' तिच्या जिभेवर खडूच्या भुकटीसारखा राहिला. या हिंदी मुलखातल्या अप्पांच्या मराठी घरात शब्दाबद्दल 'असेल' म्हणायची सोय नव्हती. अप्पा म्हणजे तिचे वडील, ढुंढिराजशास्त्री. एखादा शब्द अडला की ते जेवता जेवता थांबायचे, धातू आणि प्रत्यय शोधत बसायचे आणि ताटातला भात वाळून जायचा. ते गेल्या थंडीत वारले. तरी घंटा झाल्यावर तिला वाटलं, ते वर्गाच्या दाराशी उभे आहेत आणि मान हलवून नाही म्हणताहेत.

शाळा सुटल्यावर ती काठी टेकत लायब्ररीत गेली. खालच्या कप्प्यात एक जाडजूड इंग्रजी कोश होता, त्याला कुणी हात लावत नसे. 'व्ही'ची पानं एकमेकांना चिकटली होती. तिने ती नखाने सोडवली आणि उभ्याउभ्याच वाचलं. व्हल्कन : रोमन लोकांचा अग्नीचा आणि लोहारकामाचा देव. ज्युपिटर आणि जुनो यांचा मुलगा. आभाळातून खाली फेकला गेला. लंगडा. इथे तिने बोट ठेवलं आणि बाजूची खुर्ची ओढून ती बसली. पुढे होतं की आग आणि गंधक वापरून रबर पक्कं करायची रीत सापडली तेव्हा तिला याच देवाचं नाव दिलं गेलं. आणि देवांचा राजा जी वीज फेकतो, ती वीज हा लंगडा लोहार आपल्या भट्टीत घडवतो. वीज. ती स्वतःशीच हसली. खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलं होतं, त्यात तिच्या डाव्या पायाची कॅलिपर चमकत होती : दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्याला खटका, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, आणि खाली तो उंच तळव्याचा काळा बूट. इतकी वर्षं ती फळ्यावर हा शब्द लिहीत होती, त्याच्याखाली रेघ ओढत होती, आणि त्या शब्दात सगळा वेळ कुणीतरी लंगडत होतं.

तिचं नाव अप्पांनी ठेवलेलं. आषाढातल्या एका कडाडत्या संध्याकाळी ती जन्मली म्हणून विद्युल्लता. तिसऱ्या वर्षी ताप आला, उतरला, आणि उतरताना डावा पाय घेऊन गेला. मग त्या नावाचं काय करायचं, हे कुणालाच कळेना. शाळेत मुली म्हणायच्या, वाह, बिजली रानी आ रही हैं, और बिजली पहुँचेगी परसों. आई तिला नुसतं लता म्हणू लागली, कारण लतेला कशाचा तरी आधार लागतो आणि ते कुणाला खटकत नाही. एक अप्पा तेवढे पूर्ण नाव उच्चारत, जोडाक्षरासकट. गल्लीतल्या कुणी तरी सांगितलं, शनीचा कोप आहे, शनीही लंगडाच. म्हणून आई दर शनिवारी तिच्या हातून तेल वाहवायची. काळ्या दगडावर तेलाची धार सोडताना लहानपणी तिला त्या देवाची दया यायची. सगळे त्याला तेल घालत होते ते त्याने आपल्याकडे पाहू नये म्हणून. आज कोशाच्या पानावर दुसरा एक लंगडा देव भेटला होता आणि त्याला कुणी लांब ठेवलेलं नव्हतं. त्याच्याकडे काम होतं. देवांना घोड्यांची नाल हवी असो, ढाल हवी असो, वीज हवी असो, सगळ्यांना त्याच्याच दारात यावं लागत होतं. विद्युल्लताला वाटलं, कुणी तरी छातीवरून एक जुनं ओझं उचललं. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने फळ्यावर तोच शब्द पुन्हा लिहिला आणि म्हणाली, "कल मैंने गलत बताया था. छाल नहीं. ये एक देवता का नाम है. लोहार था. और लँगड़ा था." मुलींनी वहीतून माना वर केल्या. मग रुची म्हणाली, "बहनजी, फिर तो बढ़िया देवता है," आणि सगळा वर्ग हसला, आणि त्या हसण्यात विद्युल्लताही होती.

पंचगंगा घाटाच्या वर, मशिदीच्या मागच्या गल्लीत, तिच्या दोन खोल्या होत्या, भाड्याच्या. खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसायचा, बोटींची टोकं आणि पलीकडची वाळू. खाली घाट होता, पण तो तिला दिसत नसे. कारण पायऱ्या इतक्या उभ्या उतरतात की वरून फक्त पहिल्या काही दिसतात आणि मग एकदम पाणी. लहान होती तेव्हा अप्पा तिला खांद्यावर घेऊन उतरायचे. त्यांच्या टाळूचा चंदनाचा वास, खांद्याचं हाड तिच्या मांडीला रुतायचं, आणि नदी उलटी मोठी मोठी होत वर यायची. मग ती वाढली, अप्पांना दम लागू लागला, आणि एका कार्तिकात ते पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले, "विद्युल्लते, आज तू वरच बस हं." त्या दिवसापासून ती वर बसू लागली. घरातले सगळे, शेजारचे सगळे, पाव्हणे, सगळे खाली जात आणि ती वर बसून त्यांच्या चपला सांभाळी. ओल्या साड्यांनी बायका वर येत, त्यांच्या अंगाला थंडीचा, मातीचा, कण्हेरीच्या फुलांचा वास असे, आणि त्या वाकून तिच्या कपाळावर पाण्याचे चार थेंब शिंपडत. हो गया तेरा भी, म्हणत. तिला ते थेंब पुसून टाकावेसे वाटत, पण ती पुसत नसे. पुढे एम.एस्सी. झाली, नोकरी लागली, सगळं शहर रिक्षाने पालथं घातलं, लखनौला एकटी जाऊन आली. नदी मात्र तिथेच राहिली, घराच्या पायाशी. एकदा, विशीत, ती कुणाला न सांगता उतरायला गेली होती. बुटाचा चामड्याचा तळवा पावसाने भिजलेल्या दुसऱ्याच पायरीवर साबणासारखा सुटला. एका नावाड्याने तिला धरलं आणि उचलून वर आणून ठेवलं, हातगाडीवरून उतरवलेल्या पोत्यासारखं. त्याने ते अगदी प्रेमाने केलं होतं. म्हणूनच ती पुन्हा गेली नाही.

आणि आता हे घर सुटणार होतं. दादा, तिचा थोरला भाऊ देवदत्त, शहराच्या दुसऱ्या टोकाला रेल्वेच्या कारखान्यात होता. त्याला मोठं क्वार्टर मिळालं होतं, तळमजल्याचं, दाराशी पायरीसुद्धा नसलेलं. अप्पा गेल्यापासून दर रविवारी तो आणि मालविकावहिनी यायचे आणि तेच बोलणं निघायचं. त्या रविवारीही निघालं.

"कार्तिक संपायच्या आत हलू या," दादा म्हणाला. "मी मकान मालिकाशी बोललोय. तुझी खोली बघ तर एकदा, बाथरूममध्ये नळापाशी दांडा पण लावलाय धरायला."

"मला विचारलंस का मालकाशी बोलायच्या आधी?"

"विचारायचं काय त्यात? इथे एकटी राहणार तू? या गलीत? उद्या पडलीस तर उचलायला कोण येईल?"

"हे बघ लता," वहिनी म्हणाली, "घाट घाट करतेस, पण तुला तरी घाटाचा काय उपयोग गं? जाऊ तर शकत नाहीस खाली."

वहिनीच्या बोलण्यात तेढ नव्हती. तिने ते पोळी वाढता वाढता म्हटलं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते सरळ आत गेलं. दादाने वहिनीकडे रागाने पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं. दादा किती चांगला आहे हे विद्युल्लताला माहीत होतं. लहानपणी तो नदीचं पाणी ओंजळीत धरून पायऱ्या चढायचा तिच्यासाठी, वर येईपर्यंत सगळं गळून जायचं आणि तो ओले तळवे तिच्या गालांना लावायचा. अशा माणसाला नाही म्हणायला काही तरी हातात असावं लागतं. तिच्या हातात काही नव्हतं. दुपारी ते गेल्यावर ती खिडकीशी बसली. तिला घराचं दुःख होत नव्हतं, त्याहून विचित्र काही होत होतं. जिथे आपण कधी पोचलोच नाही ती जागा सोडून कशी जायची? सोडायला आधी ती आपली व्हायला हवी. तिने पाय पुढे केला आणि बुटाच्या तळव्याकडे पाहिलं. चामडं झिजून काचेसारखं झालं होतं. मोच्याने कितीदा तरी चपलेचं रबर डिंकाने चिकटवून दिलं होतं, पावसाळ्यात ते सुटून गल्लीत कुठे तरी राहायचं. डिंक पाण्यात टिकत नाही. पण जे आगीत आणि गंधकात एकजीव झालंय ते? ती बराच वेळ तळव्याकडे पाहत राहिली. मग उठून चहा केला, आणि चहा पिताना तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय.

मैदागिनच्या चौकापाशी ट्रकच्या टायरांचं एक दुकान होतं. त्याच्या पाटीसमोरून ती रोज रिक्षाने जात असे : यहाँ बल्केनाइजिंग होता है. दुकानाचा मालक विष्णु यादव, गळ्यात गमछा, कोपरांपर्यंत भाजल्याचे डाग. आधी त्याला वाटलं, बहनजींना रिक्षाच्या टायरचं काही विचारायचंय. तिने बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडल्या आणि बूट त्याच्या हातात दिला. आजवर तिने तो बूट परक्या माणसासमोर कधी काढला नव्हता.

"इसका तला बनाना है," ती म्हणाली. "टायर के कैनवस पर रबर चढ़ाइए, प्रेस में पकाइए, फिर मोची से सिलवा लूँगी."

विष्णुने बूट उलटासुलटा केला. "बहनजी, यहाँ तो ट्रक बनता है."

"ट्रक गीली सड़क पर नहीं फिसलता न?"

"टायर घिसके गंजा हो तो वो भी फिसलेगा." तो हसला, मग गंभीर झाला. "जाना कहाँ है आपको इस पर?"

"पंचगंगा. नीचे तक."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, पायाकडे नाही, तोंडाकडे. "चाय पिएँगी?" तो म्हणाला.

पहिला तळवा बिघडला. विष्णुने ट्रकच्या हिशोबाने तो भरपूर वेळ शेकला आणि तो लाकडासारखा टणक निघाला. विद्युल्लताने तो घातला आणि आपल्याच गल्लीत, पाणी सांडलेल्या फरशीवर, दूधवाल्यासमोर सपशेल आडवी झाली. कोपर सोलवटलं. दूधवाला धावला, तिने हाताने त्याला थांबवलं आणि भिंत धरून स्वतः उठली. त्या दिवशी घरात येऊन ती रडली, पण ते रडणं विशीतल्या रडण्यासारखं नव्हतं. तेव्हा ती स्वतःवर रडली होती. आता ती तळव्यावर चिडली होती. रडता रडताच तिला कळलं की आपण मनात प्रेसची आच आणि शेकायचा वेळ मोजतोय. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात. रबर कडक झालंय कारण जास्त शिजलं, ती म्हणाली, ट्यूबच्या जोडाला वापरता तो नरम गोंद, म्हणजे ते कच्चं रबर, घ्या आणि लवकर काढा. इतकं नरम घासून जाईल, विष्णु म्हणाला. जाऊ दे, मला काही दिल्लीला जायचं नाही त्याच्यावर. मग रेघा किती खोल, यावर दोघं भांडले. रुंद खाच हवी म्हणजे पाणी निघून जाईल, तो म्हणाला. शेवाळावर रुंद खाचेचा उपयोग नाही, ब्लेडने बारीक बारीक चिरा द्या, दगडाला धरतील, ती म्हणाली. शेवटी कडेला रुंद खाचा आणि मध्ये चिरा, असं ठरलं. गंधकाचा तो सडका, गोडसर वास दुकानात भरला होता. प्रेसची पट्टी घट्ट आवळताना विष्णुच्या कपाळावर घाम आला होता, आणि ती लाकडी बाकावर एक पाय मोकळा सोडून बसली होती. तिला वाटलं, भट्टीपाशी बसण्यात एक प्रकारची श्रीमंती आहे. इथे कुणी कुणाच्या चालीकडे पाहत नाही. सगळे वाट पाहतात ती फक्त काय बनून बाहेर येतं याची. पट्टी उघडली. काळा, ऊबदार, किंचित लवणारा तळवा. तिने तो गालाला लावून पाहिला. काठीच्या टोकालाही तसलंच टोपण झालं होतं, ते विष्णुने न सांगता केलं होतं.

कार्तिकातली पहाट संपून उजाडलं होतं. घाटावर उंच बांबूंना टांगलेल्या टोपल्यांमधले दिवे उन्हात फिके पडत होते. विद्युल्लताने दाराला कुलूप लावलं, पिशवीत कोरडी साडी घेतली आणि पहिल्या पायरीवर उभी राहिली. खाली बायका कार्तिकाची गाणी म्हणत होत्या. आधी काठी. मग डावा पाय, खटका लावलेला, सरळ. मग उजवा. तळवा दगडावर टेकला तेव्हा एक बारीक, चिकट आवाज झाला, ओठ मिटल्यासारखा. धरलं. पुन्हा काठी, पुन्हा डावा, पुन्हा उजवा. पायऱ्या उंच होत्या, प्रत्येक पायरीवर कंबर एका बाजूला झुकत होती आणि परत येत होती. तिला वाटलं होतं आपण घाबरू. भीती होतीही, गार गोट्यासारखी, पण तिच्याभोवती दुसरंच काही तापत होतं. अप्पांच्या खांद्यावरून नदी कशी वर वर येत असे ते तिला आठवलं, आणि आता ती येत नव्हती, आता आपण जात होतो, हा फरक तिला पायाच्या तळव्यातून कळत होता. एक म्हातारा वर येत होता, तो बाजूला झाला. एका घाटियाने, घाटावरच्या भटजीने, छत्रीखालून हाक मारली, "अरे, कोई हाथ दो इनको!" आणि तिने मान वळवून इतक्या मोठ्याने "नहीं!" म्हटलं की दोनचार कबुतरं उडाली. मग तिचं तिलाच हसू आलं. मध्यावर ओलसर पायऱ्या सुरू झाल्या, हिरवट, विशीतल्या त्या पायरीच्या कितीतरी खालच्या. काठी टेकली. डावा पाय टेकला. तळवा सरकला, तिळभर, आणि त्या बारीक चिरांनी दगड धरला. तिने श्वास सोडला. घामाने पाठ भिजली होती. वर मागे पाहिलं, तर पायऱ्यांची भिंत आभाळापर्यंत गेलेली. एवढं सगळं मागे टाकलं होतं तिने.

पाण्याच्या काठाशी ती बसली, पट्टे सोडले, बूट आणि कॅलिपर कोरड्या पायरीवर ठेवली, आणि बसल्या बसल्याच काठावर लावलेली साखळी धरून एकेक पायरी सरकत पाण्यात उतरली. पाणी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत आलं. गारठ्याने तोंडातून चीत्कार निघाला. आणि मग एक अशी गोष्ट झाली जिची तिला कुणीच कल्पना दिली नव्हती, कारण सांगणाऱ्या कुणाला ती माहीत असणं शक्य नव्हतं : पाण्यात डाव्या पायाचं वजन गेलं. तो उजव्या पायाच्या बरोबरीने हलका झाला, तरंगला, जरासा पुढे गेला, परत आला. दोन्ही पाय. तिने डोळे मिटून बुडी मारली. कानांत नदीचा तो जाड, घुमणारा आवाज. वर आली आणि केस मागे सारले. शेजारची बाई म्हणाली, "पहली बार?" विद्युल्लता मोठ्याने म्हणाली, "हाँ! पहली बार!" बाईला वाटलं, कुठून तरी लांबून आलेली यात्रेकरू आहे. "कहाँ से आई हो?" तिने विचारलं. विद्युल्लताने पाण्यातून हात वर काढला आणि पायऱ्यांच्या टोकाकडे, मशिदीच्या मागच्या गल्लीकडे दाखवलं.

साडी बदलून ती कॅलिपरचे पट्टे आवळत होती, तेव्हा वरून धावत्या पावलांचा आवाज आला. दादा. सामान न्यायला तो टेम्पो घेऊन आला होता, टेम्पो मैदागिनवर उभा होता. दाराला कुलूप पाहून त्याने सगळ्या गल्लीला विचारलं असावं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तो तिच्यापासून दोन पायऱ्या वर थांबला, पाण्याकडे पाहिलं, तिच्या ओल्या केसांकडे पाहिलं, मग पुन्हा वर, जिथून तो आला होता तिकडे.

"कुणी आणलं तुला?"

"कुणी नाही."

"कोणी तरी आणलं असेल ना, विद्यु."

"मी आले दादा. उतरून." आणि तिने हाताने बुटासकट पाय उचलून त्याला तळवा दाखवला, एखादं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा.

तो खाली बसला. त्याचा हात आपोआप पुढे आला, तिला उठवायला, आणि मध्येच थांबला. ती काठीवर भार देऊन उठली. गुडघ्याचा खटका बसला.

"टेम्पोवाल्याला परत पाठव," ती म्हणाली. "मी इथेच राहणार. तुझ्याकडे येईन, रविवारी येईन, पण राहणार इथे."

दादाने पंच्याने तोंड पुसलं. घाम होता की काय होतं ते तिने पाहिलं नाही. "बरं," तो म्हणाला. मग त्याचा स्वभाव त्याला गप्प बसू देईना. "आणि पावसाळ्यात काय करशील? बाढ आली, सगळ्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या की?"

विद्युल्लताने नदीकडे पाहिलं. पाण्यावर ऊन आलं होतं, तिला डोळे बारीक करावे लागले.

"तेव्हा ती वर येते," ती म्हणाली, आणि काठी पहिल्या पायरीवर टेकली.